कुठे उतरणार?

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी शहरातल्या एकटेपणावर एक लेख लिहिला होता. 'शहरात ओळखी होतात, नाती होत नाहीत' हे त्यातलं वाक्य लोकांना फार आवडलं. पुढे दोन-तीन व्याख्यानांत मी ते पुन्हा वापरलं आणि टाळ्याही घेतल्या. एका वाचकाने ते पोस्टकार्डावर वळणदार अक्षरात लिहून पाठवलं होतं. ते कार्ड बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. आता ते मी तिथून काढलं आहे, आणि का काढलं ते सांगायला हवं.

त्या लेखात मी लोकलच्या लेडीज डब्याची थट्टा केली होती. ज्यांनी हा डबा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे अनोळखी बाईला नाव-गाव कुणी विचारत नाही, 'कुठे उतरणार?' एवढंच विचारतात. बसलेली 'ठाणे' म्हणाली की उभी असलेली लगेच 'मग मला द्या' म्हणून जागा बुक करते. मागून तिसरी येते, तिला सांगितलं जातं, 'ती झाली, पुढे विचारा.' बसलेलीचं स्टेशन हीच तिची ओळख. माणसाची किंमत त्याच्या उठण्यात आहे, असं काहीतरी चुरचुरीत मी त्यावर लिहिलं होतं. समोर ठेवला होता आमच्या गावचा प्रश्न, 'मूळचे कुठले तुम्ही?' त्यात कशी आपुलकी असते, त्या एका प्रश्नाने परका माणूस आपल्या मांडवात कसा येतो, हे मी अगदी रंगवून सांगितलं होतं.

गंमत म्हणजे हे लिहीत होते तेव्हा मी त्याच डब्यातून रोज प्रवास करत होते. २००९ च्या जूनमध्ये माझी फोर्टात नोकरी लागली. डोंबिवलीला फास्ट गाडीत चढायचं म्हणजे आत शिरल्यावर बसायला मिळण्याची आशाच नको. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंना विचारलं, "कुठे उतरणार?" त्या म्हणाल्या, "घाटकोपर. पण मी ठाण्यालाच उठते, नाहीतर दारापर्यंत पोचायचं कसं? तुम्हीच बसा." बस्स, ठरलं. त्या माझ्या आधीच्या कुठल्यातरी स्टेशनवरून बसून यायच्या. डोंबिवली ते ठाणे मी त्यांच्यासमोर उभी राहायचे, ठाण्याला त्या उठायच्या आणि मी बसायचे. अकरा वर्षं.

वीसेक मिनिटांच्या त्या पट्ट्यात पारसिकचा बोगदा यायचा. बोगद्यात आवाजाने बोलणं तुटायचं आणि पलीकडे बाहेर पडलं की वाक्य जिथे थांबलं होतं तिथून त्या पुढे सुरू करायच्या, एक शब्दही न चुकता. माझ्या वडिलांचा खोकला, मुलीची दहावी, साहेबाचा त्रास, सगळं त्यांना ठाऊक होतं. मेथी मला आवडत नाही हेही. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या गेल्या तेव्हा दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर निघालेल्या बाई डब्यात मटार सोलत बसल्या होत्या; मी समोर उभ्यानेच त्यांच्या पिशवीतल्या मूठभर शेंगा घेतल्या. आम्ही शेवटपर्यंत 'तुम्ही'वरच राहिलो. मी त्यांना ताई म्हणायचे, त्या मला काहीच म्हणायच्या नाहीत, नुसतं "हं, बोला."

एकदा सहज हिशेब केला. सुट्ट्या, चुकलेल्या गाड्या सोडून निम्मे दिवस धरले तरी साडेचारशे तास होतात. माझ्या सख्ख्या चुलत भावाशी अकरा वर्षांत एवढं बोलणं झालेलं नाही.

२० मार्च २०२०, शुक्रवार. डबा कधी नव्हे इतका रिकामा होता. दोघीही बसलो होतो आणि त्यामुळे जरा अवघडल्यासारखं झालं होतं. उठताना ताईंनी पिशवीतून लहानसा स्टीलचा डबा काढला. जवसाची चटणी. "तुमच्या वडिलांना सांगा, तूप घालून खा. डबा सोमवारी आणा, घाई नाही." रविवारी जनता कर्फ्यू होता. त्या रात्रीपासून लोकल बंद झाली ती जूनच्या मध्यापर्यंत, आणि तेव्हाही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली.

एप्रिलमध्ये मला फोन करावासा वाटला आणि तेव्हा ध्यानात आलं की नंबर नाही. नावही नाही. अकरा वर्षं! खरं सांगते, पहिली प्रतिक्रिया दुःखाची नव्हती. 'बघा, मी म्हटलंच होतं' असं वाटलं. स्वतःचं वाक्य खरं ठरल्याचा तो एक हलका आनंद होता, आणि त्याची आजही शरम वाटते.

मग मी डबा नीट पाहिला. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. बुडाशी टिंबाटिंबांचं कोरलं होतं: वि. ग. सा., १९८८. कुणाच्या तरी लग्नातलं किंवा मुंजीतलं भांडं असणार. मी लगेच आडनावं लावायला बसले. सावंत, साळवी, साठे, साळवे, सामंत, सावे. लावता लावता मी त्यांचं कपाळ आठवू लागले, मंगळसूत्राची घडण आठवू लागले, चटणीत त्या लसूण घालत होत्या का, 'पाणी' म्हणताना 'ण' कसा म्हणायच्या. पाच मिनिटांनी मला कळलं की मी ताईंना शोधत नाहीये, त्यांची जात शोधतेय.

लेखात ज्या प्रश्नाची मी आरती ओवाळली होती तो प्रश्न खरं तर कशासाठी असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मूळ गाव, मग आडनाव, मग 'अमक्यांच्यातले का तुम्ही?' ही पायरी प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर असते. माझ्या बाबतीत उत्तर ऐकून समोरचा हसायचा, म्हणून मला त्यात आपुलकी दिसली. ज्यांचं उत्तर ऐकून समोरचा पाण्याचा तांब्या मागे घ्यायचा, त्यांनी माझा लेख वाचला असेल तर काय वाटलं असेल? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर खेड्यांविषयी इतके कठोर बोलले, ते काय उगीच? कॉलेजात मी ते भाषण अभ्यासलं होतं. परीक्षेपुरतं.

आजोबांचंही तेच. संगमेश्वर तालुक्यातून ते गिरणीत आले, बदलीवर राहिले, लालबागच्या गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपले. एक वळकटी, एक ट्रंक, खानावळीचा महिना. हे मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. ते साचेखात्यात होते, हेही लिहिलं होतं. मात्र धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून त्या खात्यात एके काळी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना येऊ देत नसत, हे मला माहीत असूनही मी गाळलं. गावकीच्या खोलीतही एका गावचे सगळे नसत, एका वाडीचे असत. आमचं मूळ मुंबईत आलं ते असं, वळकटीत बांधून.

आणि ते मूळ तरी माझं कितीसं आहे? वडील २०२१ मध्ये गेले. वारसनोंदीसाठी मी तलाठ्याकडे गेले तर सातबाऱ्यावर ३२ नावं. महाराष्ट्रात १९९४ पासून लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. भावाने चहा पाजला आणि हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. "तू काय इथे येऊन राहणार आहेस?" मी सही केली. भांडण नको म्हणून केली, आणि खरंच राहायला जाणार नव्हते म्हणूनही. गणपतीला जाते अजून. घर तेच आहे, आरतीही तीच. पण मूळचे कुठले म्हणून कुणी विचारलं की आता अर्धा क्षण अडखळते.

शहराची बाजू घ्यायला मी इथे उभी नाही. इथे भाड्याने जागा शोधायला जा, एजंट पहिल्यांदा आडनावच विचारतो, मग काय खाता ते. चाळीत, सोसायटीत, लग्नाच्या हॉलमध्ये सगळीकडे ते विचारणं आहेच. बायकांच्या त्या डब्यात तेवढं नव्हतं. तिथे माणसं खूप थोर होती असंही नाही. तिघींच्या बाकावर चौथी बसण्यावरून झिंज्या धरलेल्याही मी पाहिल्या आहेत. पण त्या भांडणातसुद्धा कुणी कुणाचं आडनाव काढलेलं मी ऐकलं नाही. तू कुठून आलीस याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तू कुठे उतरणार आणि तोवर आपण दोघी कशा मावणार, एवढाच प्रश्न होता. त्याला मी उथळ म्हटलं होतं. ते मी परत घेते.

यात नुकसान झालं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. आडनाव विचारलं असतं तर ताई आज सापडल्या असत्या. २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना दुपारी आणि रात्री लोकलची मुभा मिळाली, फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांना, तीही ठरावीक वेळेतच. मी पुन्हा चढू लागले. पहिल्याच दिवशी कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, "तुमची बहीण नाही आली?" मला आधी कळेचना ती कुणाबद्दल बोलतेय.

नंतर पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि आमची फास्ट बोगद्यातून जाणंही बंद झालं. ती आता कळवा-मुंब्र्याकडून जाते, बोगदा लांबच्या गाड्यांना दिला. आता मध्ये कुठे बोलणं तुटत नाही. मी अजून सव्वाआठच्या सुमाराचीच गाडी धरते. सवयीने ठाणे यायच्या आधी मान वर करून बघते, कोण उठतंय.

आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून ते धुऊन फळीवर ठेवलं आहे. द्यायची वेळ आली की भरीन. घाटकोपरला उतरणाऱ्या, ठाण्यालाच उठून दाराशी जाणाऱ्या, चटणीचा डबा कुणाला तरी देऊन बसलेल्या एक बाई तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत असतील, तर मला त्यांचं आडनाव कळवू नका. डबा माझ्याकडे आहे, एवढा निरोप त्यांना द्या.