आगाऊचे चार खडे

पन्नाशी उलटल्यावर मोबाइलवर परक्या माणसाशी पटावर बसायचे म्हटले की हाताला घाम सुटतो. खेळाचे नाव 'गो'. पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या माझ्या भाच्याने सुट्टीत नगरला आला असताना तो मला शिकविला. आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या. लहानपणी कोळशाने रेघा मारून नवकंकरी खेळत असू. त्यामुळे खडे आणि रेघा मला नव्या नव्हत्या.

गोमध्ये रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खडा ठेवायचा. मोठ्या पटावर उभ्या-आडव्या 19 रेघा, म्हणजे 361 जागा. शिकणाऱ्यासाठी 9 रेघांचा छोटा पट असतो. मधल्या खड्याला चार वाटा मोकळ्या असतात. चारही बंद झाल्या की खडा उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. खेळ मूळचा चीनचा, दोन हजार वर्षांहून जुना. जपानमधील होनिन्बो या नामांकित घराण्याचा पहिला प्रमुख सान्सा (1559–1623) हा क्योतोचा बौद्ध भिक्षू होता, हे ऐकून मला विशेष वाटले. ब्रह्मजाल सुत्तात पटावरच्या खेळांपासून दूर राहण्याचा उल्लेख आहे खरा, पण तो श्रमणांसाठी. मी संसारी बाई.

भाच्याबरोबर ठीक चालले होते. तो परत गेल्यावर मात्र तीन आठवडे मी नुसते दुसऱ्यांचे डाव पाहत बसले. हरण्याची भीती होतीच, पण खरी अडचण वेगळी होती. या खेळात कच्च्या खेळाडूला डाव सुरू होण्याआधीच पटावर आगाऊ खडे मिळतात. ते घ्यायला माझे मन तयार होईना. मी एका कचेरीत शिपाई म्हणून लागले. पुढे राखीव जागेवर लिपिक झाले. त्या दिवशी सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणाले, "आल्या सवलतीच्या बाई!" त्याला वीस वर्षे झाली, पण शब्द जात नाहीत.

भाच्याला फोनवर म्हटले, "मला फुकटचे खडे नकोत. हरेन, पण बरोबरीने हरेन."

तो म्हणाला, "मावशी, ती बरोबरी नव्हेच. एकाची तालीम दहा वर्षांची, तुझी दहा दिवसांची. खडे दिले तरच दोघांना खेळावे लागते. आणि तू सुधारलीस की खडे कमी होतात."

मोठ्या पटावर दर्जात जितका फरक तितके खडे, साधारण नऊपर्यंत. समान दर्जाच्या डावातही पहिली चाल काळ्याची, म्हणून पांढऱ्याला जपानी नियमाने साडेसहा गुण भरपाई मिळते. मोठमोठे उस्ताद ती घेतात. त्यांना कोणी टोमणा मारल्याचे ऐकिवात नाही! मी फोन ठेवून बराच वेळ गप्प बसले.

एका रविवारी भांडी आटोपून चार खडे घेतले आणि डाव मांडला. सपाटून हरले. समोरच्याने नमस्कार लिहिला, पण आडनाव विचारले नाही. नव्याने पहिले पन्नास डाव लवकर हरून टाकावेत, अशी या खेळातली जुनी म्हण आहे. 2016 साली ली सेडोलसारखा जगज्जेता संगणकाकडून 4–1 असा हरला, तिथे आपली काय कथा? माझे कॅलेंडरच्या पाठीमागे टिपलेले आकडे असे: एकतीस हार, सहा जीत.

ज्यांना घड्याळाची धडकी भरते त्यांनी एका चालीला एक दिवस असा संथ डाव घ्यावा. स्वयंपाक करताना चाल मनात घोळते, रात्री खडा ठेवायचा. सुरुवातीला गप्पांची खिडकी बंद ठेवली तरी चालते.

त्या पहिल्याच जोडीदाराशी मी अजून खेळते. आता दोन खडे घेते. परवा त्याने मोडक्या इंग्रजीत विचारले, एक कमी करू का? मी नाही म्हणून कळविले. अजून दोन बसतात, तोवर दोन घेणार.