रामलिंगच्या रानात दोन तास

डॉक्टरांनी दंडावरचा बीपीचा पट्टा काढला, पाच मिनिटं बसवलं आणि पुन्हा लावला. आकडा तोच, १५०/१००. "वय किती?" "अठ्ठावीस." गोळी लगेच नको म्हणाले. मीठ कमी करा, झोप वाढवा, रोज चाला, महिन्याने या.

झोप वाढवायची कशी, हाच प्रश्न होता. दर तिसऱ्या आठवड्यात माझी ऑनकॉल ड्युटी. रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन वाजायचा. नंतर नंतर फोन वाजला नाही तरी दोनला जाग यायला लागली. शेवटी २०२५च्या जानेवारीत आठ दिवसांची रजा टाकून पुण्याहून धाराशिवला आलो.

येताना मोबाईलवर 'शिनरिन-योकू'बद्दल वाचत होतो. जपानच्या वनखात्याने १९८२ साली हा शब्द काढला. अर्थ वनस्नान. यात शिखर गाठायचं नसतं, घाम काढायचा नसतं. हळू चालायचं, थांबायचं, कान-नाक उघडं ठेवायचं. पुढे तिथल्या संशोधकांनी लोकांना शहरात आणि जंगलात नेऊन मोजमापं घेतली. जंगलात नाडी, रक्तदाब आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक कमी भरलं.

पप्पांना सांगितलं. ते एसटीत कंडक्टर होते, सगळी जन्मभराची फिरती याच भागात. म्हणाले, "स्नान म्हणतोस, मग टॉवेल घ्यायचा का?" थोड्या वेळाने म्हणाले, "आणि जंगलानं बीपी उतरत असंल तर आपल्या गुराख्यांना कसा काय होतो रे?"

याचं उत्तर मी वाचलेल्या लेखांत नव्हतं.

सकाळी आठला पप्पांच्या गाडीवर येडशीला निघालो. वीसेक किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी निसवलेली, हुरड्याचे दिवस. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य बालाघाटच्या डोंगरात आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. रामलिंगाचं देऊळ खाली दरीत. रावणाने जखमी केलेल्या जटायूला रामाने इथेच पाणी पाजलं, असं लहानपणापासून ऐकलेलं. श्रावणात इथे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी माकडंच जास्त होती.

मी ठरवल्याप्रमाणे मोबाईल सायलेंट केला आणि दोन तासांचा टायमर लावला. पहिल्या वीस मिनिटांत तो चार वेळा काढून पाहिला. जपानी लेखांतल्या फोटोंत उंच, हिरवीगार झाडं होती. इथे सागाची पानं ताटाएवढी आणि करपलेली, गवत वाळलेलं, पायमोज्यांत कुसळं. एक बसून उपटायला लागलो आणि मग बसूनच राहिलो. वाळलेलं पान पडतं तेव्हा आधी फांदीला, मग खालच्या पानांना लागत येतं, हे ऐकू येत होतं. ओढ्यात पाण्याची बारीक धार होती. टायमर वाजला तेव्हा मी दचकलो. दोन तासांत पहिल्यांदाच.

आम्ही देवळाच्या आसपासच राहिलो, आत गेलो नाही. कारण वाघ. डिसेंबर २०२४मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक तरुण नर वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. स्वतःची हद्द शोधत निघालेला. आम्ही गेलो तेव्हा त्याला बेशुद्ध करून सह्याद्रीच्या व्याघ्र प्रकल्पात न्यायची खटपट सुरू होती. बार्शीकडे आणि आपल्याकडे गुरं मारली जात होती.

वर डांबरी रस्त्याच्या कडेला एक म्हातारबाबा तीन जनावरं चारत होते. तिथे चारा असा नव्हताच.

"आत गवत हाय की गुडघ्याएवढं," ते म्हणाले, "पर आत जायाचं कुणी? मेव्हण्याची गाय गेली. मी रातभर गोठ्यापाशीच बसतो. तुमी कशाला आलाव?"

'मन शांत करायला' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," म्हणालो. ज्या रानाने मला दोन तास विसावा दिला, त्याच रानाने या माणसाची झोप घेतली होती. पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे उभं होतं. झाडं तीच असतात; तुम्ही तिथे रजा टाकून आलात की पोट घेऊन, यावर सगळं असतं.

परतताना मी वाघाबद्दल बोलत होतो. एवढ्याशा जंगलात तो मावणार कसा? पप्पा म्हणाले, "त्यालाबी गावाकडं जागा उरली नसंल. तू नाही का गेलास पुण्याला?"

पुण्यात आल्यावर धीर करून मॅनेजरशी बोललो. ऑनकॉल आता सहा आठवड्यांतून एकदा आहे. रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर जातो, टायमर न लावता. महिन्याने बीपी १३४/८८ होता. त्यात रान किती, मीठ किती आणि ऑनकॉल किती, याची वाटणी मला करता येणार नाही.

मात्र अजूनही कधीतरी दोनला जाग येते. तेव्हा गोठ्यापाशी बसलेले ते बाबा आठवतात. पुढच्या रविवारी पप्पांना फोन केला की मी आधी विचारतो, "गुरं आत जायला लागली का?"

"अजून रस्त्यावरच हायेत," पप्पा सांगतात.