मुकुटबनच्या वाटेवर

वणीहून मुकुटबनला निघालो, भाच्याच्या मागे बसून. दोन्हीकडे पऱ्हाटी, समोरून सिमेंटचे ट्रक. भाच्याने जुनी एक्सपल्स घेतली आहे. २०१९ साली आलेली ही गाडी. पुढचे चाक २१ इंची, त्यामुळे पांधणीच्या खड्ड्यातून सहज निघते. मात्र उंची फार. बुटक्या माणसाने आधी बसून, पाय टेकवून बघावे.

हेल्मेट त्याला लांब चोचीचे, महागडे हवे होते. म्हटले, "बाबू, चोच उन्हाला बरी, पण वेगात वारा तिला धरतो. आधी आयएसआय शिक्का बघ, पट्टा ओढून बघ."

साधेच घेतले, पण दोन.

"मामा, दुसरे कशाला?"

"मागे कोण बसणार?"

मुकुटबनला उतरलो तेव्हा कान दुखत होते. बहीण हसली.