सर्व्हर घरात असला की

आमच्या पुण्याच्या घरात टीव्हीच्या कपाटाखाली एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. त्याची बिजागरी तुटली तेव्हा तो कुणालाच नको होता. मी त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, झाकण मिटलं तरी मशीन झोपू नये एवढी सेटिंग बदलली आणि त्याचा सर्व्हर केला. आईने डीव्हीडींवर जमवलेली नाटकं आता जेलीफिनमधून टीव्हीवर दिसतात. घरातल्या सगळ्यांचे फोटो इमिचमध्ये असतात. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हापासूनच हे करायचं मनात होतं. पण या मशीनवरची मला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे माइनक्राफ्टचं एक जग. भाचा नाशिकहून आणि पुतणी बंगळुरूहून संध्याकाळी त्यात भेटतात.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर मोजांग कंपनी फुकट देते, याचं मला फार कौतुक आहे. एक फाइल उतरवून चालवायची. पहिल्यांदा ती लगेच थांबते आणि अटींची एक छोटी फाइल मागे ठेवते. तीत ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिलं की सर्व्हर उठतो आणि जग घडवायला लागतो. मुलांनी बांधलेले पूल, खणलेल्या खाणी, गव्हाची शेतं, सगळं एका फोल्डरमध्ये असतं. रात्री त्याची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर जाते.

सुरुवातीला भाच्याला काही केल्या आत येता येईना. आपल्याकडे आयपीव्ही४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून बरेच ब्रॉडबँडवाले अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. मग घरच्या राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. बाहेरून आलेली जोडणी आपल्या दारापर्यंत पोचतच नाही. ग्राहक सेवेने स्टॅटिक आयपीसाठी वेगळे पैसे सांगितले. ते न भरता मी टेलस्केल वापरलं. ते वायरगार्डवर चालतं आणि लांबच्या मशीन एकाच घरात असल्यासारख्या जोडतं. भाच्याला फोनवर एकेक पायरी सांगत गेलो. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि मग ओरडलाच, “मामा, मी आलो! तू कुठायस?” मी गेममधल्या गावाच्या विहिरीपाशी उभा होतो. वळवाच्या पावसात लाइट गेली तरी आता खेळ अडत नाही, लॅपटॉपला बॅटरी आहे आणि राउटरला छोटा यूपीएस जोडलाय.

आम्ही सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचो, तेव्हा सर्व्हर त्याच खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर असायचा. कॅफेचं इंटरनेट गेलं तरी सामना चालूच राहायचा. मोठ्या भाच्याच्या वाट्याला ते आलं नाही. लॉकडाऊनमध्ये त्याच्या मित्रांची पबजीची टोळी होती, शाळा बंद असताना तेवढीच काय ती भेट. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली. गेम मुलांच्या फोनमध्ये तशीच होती, पण तिला जोडायला पलीकडे काही उरलं नव्हतं. देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकारनेच घ्यायचा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सलतं ते हे, की एवढ्या पोरांची खेळायची जागा एकाच दारावर अवलंबून होती.

हे सरकारी बंदीनेच होतं असंही नाही. २०१४ साली आलेल्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. पैसे देऊन घेतलेली डिस्क हातात असून ती चालेना. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय संघातल्या त्यांच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर कायम चालवा, असं कुणी म्हणत नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच मागणं आहे. कंपन्यांची संघटना म्हणते की यामुळे गेम बनवणं महाग होईल. मला ते पटत नाही. सर्व्हरची फाइल लोकांच्या हाती देऊनही माइनक्राफ्ट जोरात चाललंय.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा वहिनीचा घाबरून फोन आला, “भाऊजी, आता मुलांचं माइनक्राफ्टपण बंद होणार का?” मी तिला सांगितलं की बंदी पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे गेम कायद्याने वेगळे ठेवलेत. मी या कायद्याच्या बाजूने आहे. क्रिकेटच्या प्रत्येक ओव्हरनंतर ‘टीम बनवा, करोडपती व्हा’ ऐकून पोरांना पैसे लावणं हाही खेळच वाटायला लागला होता.

सर्व्हरची रॅम वाढवायला तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो होतो, पण भाव ऐकून तसाच परत आलो. मेमरी बनवणारे सगळे एआयच्या डेटा सेंटरकडे वळलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. पुतणीला माइनक्राफ्टच्या जगात आणखी मॉड हवेत, पण त्याला जास्त रॅम लागते, म्हणून तिला थांबायला सांगितलंय.

दरम्यान मला वाटतं, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने गेमचे सर्व्हर बंद होण्याचा विषय हातात घ्यावा. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, तशी विकत घ्यायच्या पानावर सर्व्हर किमान कधीपर्यंत चालेल याची तारीख असावी. त्यानंतर गेम घरच्या मशीनवर चालवता येईल की नाही, हेही तिथेच ठळक लिहिलेलं असावं. असं पत्र मी लिहायला घेतलंय. भाच्याने त्यात स्वतःचा परिच्छेद जोडलाय, तो मी तसाच ठेवणार आहे.