अब्बांच्या छातीतले तीन ठिपके

पेणच्या एसटी स्टँडबाहेर, रिक्षातच आम्ही तो रिपोर्ट उघडला. अब्बांच्या डाव्या मूत्रपिंडात सहा सेंटिमीटरची गाठ असल्याचे सोनोग्राफीत आधीच कळले होते. लघवीतून रक्त जात होते आणि दुखत काहीच नव्हते, म्हणून त्यांनी दोन महिने कुणाला सांगितलेही नव्हते. त्या गाठीसाठी मनाची तयारी झाली होती. पण सीटी स्कॅनच्या रिपोर्टात खालच्या बाजूला लिहिले होते की दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीन नोड्यूल, म्हणजे बारीक गाठी आहेत. एक 9 मिलिमीटरची, दुसऱ्या दोन 5 आणि 4 मिलिमीटरच्या. पुढे एक शब्द होता, मेटास्टॅसिस. मोबाइलवर त्याचा अर्थ पाहिला आणि हातपाय गार पडले. त्या शब्दाला जोडूनच ‘शक्यता तपासून पाहावी’ असे लिहिले होते, ते आम्ही वाचलेच नाही.

आम्ही दोघी बहिणी. एक पेणला सासरी, दुसरी रोह्यात अब्बा-अम्मींजवळ. रोह्याच्या गाडीत, कासू ते नागोठणे एवढ्या अंतरात, आम्ही ठरवून टाकले की अब्बांना हे सांगायचे नाही. घरी पोहोचलो तेव्हा ते असरच्या नमाजला निघाले होते. “किडनीपुरतेच आहे अब्बा, बाकी सगळे ठीक,” आम्ही म्हणालो. त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिले, टोपी घातली आणि गेले.

अशी गोष्ट घरात लपते कुठे? अम्मीला सांगितले, अम्मीने मामूंना सांगितले. चौथ्या दिवशी मामू पडवीत बसून म्हणाले, “छातीपर्यंत गेलेय तर आता कापाकापी कशाला? धाकटीचे लग्न आहे, पैसा सांभाळा.” मामूंच्या मनात काही वाईट नव्हते. पण आत अब्बा जागे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले, “ऑपरेशन नको. धाटावच्या नोकरीचा फंड धाकटीसाठी ठेवा.” ज्या तोंडून ऐकू नये त्या तोंडून, आणि तेही अर्धवट, त्यांना ते कळले. ती चूक मामूंची नव्हती, आमची होती.

कसेबसे समजावून त्यांना मुंबईला नेले. तिथल्या सर्जनने अब्बांनाच समोरच्या खुर्चीवर बसवले, आम्हाला मागे. मूत्रपिंडातले रक्त मोठ्या शिरेतून हृदयात येते आणि तिथून सरळ फुफ्फुसात जाते, म्हणून हा कॅन्सर पसरलाच तर बहुतेकदा आधी फुफ्फुसातच दिसतो, असे ते म्हणाले. पण आपल्या देशात कितीतरी लोकांच्या फुफ्फुसात जुन्या टीबीचे व्रण असतात. सीटी स्कॅन साळीच्या दाण्याएवढेही टिपतो. साध्या एक्स-रेत ते कुणाला दिसलेही नसते. मग त्यांनी विचारले, “बाबा, पूर्वीचा छातीचा एखादा एक्स-रे आहे का?”

आम्ही “नाही” म्हणणार, इतक्यात अब्बा हसले. “आहे ना! त्याच एक्स-रेने माझे कुवेत घालवले.”

ही हकिकत आमच्या घरात सर्वांना पाठ होती, फक्त आम्हालाच त्या क्षणी आठवली नाही. 1992 साली अब्बांचा कुवेतचा व्हिसा जवळजवळ हातात होता. मुंबईत मेडिकलला गेले, छातीत डाग निघाला, शिक्का बसला ‘अनफिट’. कोकणातल्या किती घरांत असा एक तरी माणूस असेल! मित्र विमानात बसले आणि अब्बा धाटावच्या कारखान्यात लागले. ती फिल्म मात्र त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती, रागाने असेल.

पुढच्या खेपेला खाकी पाकीट घेऊन गेलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला वाटाण्याच्या अर्ध्याएवढा पांढरा ठिपका. नव्या स्कॅनमध्ये 9 मिलिमीटरचा ठिपका नेमका तिथेच, आत चुना साठलेला. इतक्या वर्षांत जो वाढला नाही, तो कॅन्सर नव्हे. एक सुटला.

उरलेल्या दोघांचे उत्तर जुन्या फिल्ममध्ये नव्हते. एवढ्या लहान गाठीत सुई घालून तुकडा काढणे अवघड, आणि पेट स्कॅनही एवढ्या बारीक गाठीबद्दल भरवशाचे सांगत नाही. आम्ही हट्टाने विचारत राहिलो, “पण डॉक्टरसाहेब, आहे की नाही?” ते म्हणाले, “ते वेळच सांगेल. मूत्रपिंड काढू, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू. पसरलेल्या गाठी सहसा वाढतात किंवा संख्येने वाढतात. व्रण होता तसाच राहतो.” संशयापायी ऑपरेशन सोडून देणे मात्र त्यांना अजिबात मान्य नव्हते.

“आणि पसरलेलेच असेल तर?” हे अब्बांनी विचारले. तेव्हा त्यांनी बोस्टनच्या एका बाईंची गोष्ट सांगितली. 1933 मध्ये त्यांचे कॅन्सरचे मूत्रपिंड आणि फुफ्फुसातली गाठ असलेला भाग, दोन्ही काढले होते. त्यानंतर त्या 23 वर्षे जगल्या आणि गेल्या त्या हृदयविकाराने. सगळ्यांचे असे होत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. आता गोळ्या आहेत, इम्युनोथेरपी आहे. महाग आहे, पण रस्ता तिथेच संपत नाही.

बाहेर आल्यावर आम्ही अब्बांची माफी मागितली. ते म्हणाले, “बेटा, मला माहीत नसते तर मी एक्स-रे कसा काढून दिला असता?”

ऑपरेशन झाले, अल्हम्दुलिल्लाह नीट झाले. तीन महिन्यांनी दोन्ही ठिपके जसेच्या तसे. सहा महिन्यांनी 4 चा 4 च होता, 5 च्या जागी 6 लिहून आले आणि आमची झोप उडाली. एवढा फरक मोजण्यातही पडतो, असे डॉक्टर म्हणाले. पण पुढचा स्कॅन टाळू नका, हेही त्यांनी बजावले.

तो आता शाबानमध्ये आहे. अब्बा रोज फजरनंतर कुंडलिकेच्या काठाने चालून येतात. या वेळचा रिपोर्ट पेणला कुणी आणायला जायचे नाही, ते स्वतः जाणार आहेत. रिक्षात उघडणार नाही म्हणतात. घरी आणून सर्वांसमोर वाचायला लावणार, मामूंनाही बोलावून. खाकी पाकीट पुन्हा ट्रंकेत गेले आहे, या वेळी सर्वांत वर.