मंगळ बघायला वेरूळला

वेरूळला लोक दिवसा जातात. सकाळी लवकर निघायचं, कैलासासमोर फोटो, घृष्णेश्वराचं दर्शन, जमलं तर दौलताबादचा किल्ला, आणि संध्याकाळी परत शहरात. लेणी सूर्यास्ताला बंद होतात, मंगळवारी तर उघडतच नाहीत. त्यामुळे वेरूळला रात्रही होते, हे बहुतेकांच्या प्लॅनमध्ये नसतंच. माझं ऐका, एक मुक्काम खास रात्रीसाठी करा. अमावास्येच्या आसपासचा हिवाळी वीकेंड आणि एक जाड स्वेटर, बस्स.

आम्ही गेलो शनिवार, २५ जानेवारी २०२५ ला. त्या दिवसांत ग्रहांच्या ‘परेड’ची सगळीकडे चर्चा होती. संध्याकाळी एकाच वेळी चार ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसत होते : शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ. पुण्यात माझ्या बाल्कनीतून त्यातला फक्त शुक्र दिसायचा, तोही समोरच्या टॉवरच्या दोन विंगांच्या फटीतून.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि आई. मला मंगळ आहे. म्हणजे, पत्रिकेत! दोन वर्षांत त्याच्यापायी तीन स्थळं अडली, कांदेपोह्यांपर्यंत पोचण्याआधीच. (त्यातलं एक चांगलं होतं, असं आई अजून म्हणते.) तिला घृष्णेश्वराला अभिषेक करायचा होता. मला त्या मंगळाला एकदा समोरासमोर भेटायचं होतं. गाडी एक, रूम एक, दोघींची कामं होणार होती.

मंगळाचं गणित तसं मजेशीर आहे. पत्रिकेत तो पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की झालात तुम्ही मंगळी. बारा घरांपैकी पाच! म्हणजे तुमच्या टीममध्ये बारा जण असतील तर त्यातले साधारण पाच मंगळी निघायला हवेत. हे मी आईला एक्सेलमध्ये मांडून दाखवलं होतं. उपयोग शून्य.

दुपार लेण्यांत गेली. वेरूळची ही लेणी डोंगराच्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्यात आहेत, दोन किलोमीटरहून लांब ओळीत. त्यामुळे ऊन दुपारनंतर आत शिरतं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेला कैलास तेव्हा खरा उजळतो. पुढे २५ व्या लेण्यात सात घोड्यांच्या रथातला सूर्य आहे. कैलास बघून दमलेली पब्लिक सहसा तिथपर्यंत जात नाही. तुम्ही जा.

पश्चिमेकडे तोंड असण्याचा आणखी एक फायदा. सूर्य मावळला की संध्याकाळचा ग्रह लेण्यांच्या बरोबर समोर येतो. गार्डच्या शिट्ट्या ऐकत आम्ही पार्किंगपर्यंत आलो, तोवर शुक्र लागलेला होता. लखलखीत! आईला वाटलं विमान.

रात्रीचा कार्यक्रम हॉटेलच्या गच्चीवर. अडचण एकच होती, गच्चीच्या कठड्यावर हॉटेलच्या नावाचा निळा-गुलाबी बोर्ड. चहा घेऊन आलेल्या पोऱ्याला विचारलं, तर त्याने बोर्ड बंद केला आणि स्वतःही थांबला. आग्नेयेकडे छत्रपती संभाजीनगरचा नारिंगी उजेड क्षितिजावर पसरला होता. तेवढी बाजू सोडली तर आकाश स्वच्छ काळं.

ग्रह ओळखायला अॅप लागत नाही, खरंच. दिवसा सूर्य जातो साधारण त्याच पट्ट्यात ग्रह असतात. तारे इतके लांब, की आपल्याला ते नुसते बिंदू, म्हणून हवा हलली की लुकलुकतात. ग्रह जवळचे, त्यांची बारीकशी तबकडी असते, ते शांत तेवतात. आणि मोजायला हात पुरतो. हात ताठ धरून वीत पसरा. ती आकाशाचे सुमारे वीस अंश झाकते. वेरूळचा अक्षांशही वीस! म्हणजे उत्तरेला करंगळी क्षितिजावर टेकवली की अंगठ्याच्या टोकाशी ध्रुव. आईने दोनदा करून पाहिलं. तिला हे भलतंच आवडलं.

शुक्राच्या खाली चारेक बोटांवर शनी, मंद पिवळट. “ही चांदणी दिवाळीपासून इथंच असते मावशी,” पोऱ्या शुक्राकडे बोट दाखवून म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

मग पूर्वेला वळलो. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांशेजारी तांबूस ठिपका. “तो बघ.”

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढासा?”

एवढासाच. पृथ्वीच्या निम्म्या व्यासाचा. खरं तर ते त्याचे चांगले दिवस होते. १२ जानेवारीला तो आपल्यापासून सुमारे ९ कोटी ६० लाख किलोमीटरवर होता. इतका जवळ तो साधारण २६ महिन्यांतून एकदा येतो. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला त्याच्याभोवती फिरायला लागलं. त्या दिवशीचा, साड्या नेसलेल्या इस्रोतल्या बायकांचा फोटो आईला आठवत होता. “त्यांच्यात कुणाला मंगळ असेल का गं?” तिने विचारलं. हिशेबाने बारात पाच, मी म्हटलं.

“आणि गुरू कुठला?”

गुरू रोहिणीजवळ, जवळपास डोक्यावर. दुर्बीण तिच्या हातात दिली. साधी, दहा बाय पन्नासची, पण गुरूचे चंद्र दाखवते. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच ठिपके पाहिले होते. मान मागे टाकून आई बघत राहिली. म्हणाली, “माझ्या वेळी गुरुबळ नव्हतं म्हणून वर्षभर थांबवलं होतं लग्न. नोकरीचा कॉल आला होता, तोही आजोबांनी घेऊ दिला नाही, ‘यंदा काही नको’ म्हणून.” ही नोकरीची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. दुर्बीण तिने खाली घेतली नाही. मीही मागितली नाही. शेवटी पोऱ्याच म्हणाला, “मावशी, मला पण बघू द्या की.”

सकाळी अभिषेक झाला. मीही हात जोडले.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभरात एका स्थळाचा फोन आला. स्पीकर चालू होता. मुलीला मंगळ आहे का, हा प्रश्न तिसऱ्याच मिनिटाला. आई म्हणाली, “हो, आहे. आम्ही बघून आलो.” पलीकडे शांतता.

तुम्हाला जायचं असेल तर कॅलेंडर काढा. मंगळाची पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे, आणि त्याच महिन्यात गुरूचीही. दोघं जवळजवळ रात्रभर आकाशात असतील. प्रतियुतीच्या सुमाराला पौर्णिमा येते, म्हणून काळोख हवा असेल तर शनिवार, ६ फेब्रुवारीची अमावास्या गाठा. टेलिस्कोपची हौस असेल तर पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात अब्दुल कलामांच्या नावाचं खगोल-अंतराळ विज्ञान केंद्र आहे. कार्यक्रम कधी असतात ते आधी विचारून घ्या. आणि रूम बुक करताना गच्चीची किल्ली कोणाकडे असते, तेही.