विमानातली रात्र किती तासांची?



लेक किंवा सून परदेशी असली की बाळंतपणाला आपल्यालाच जावे लागते. आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो, "विमानात चौविहार कसा पाळायचा?" काही जणी 'प्रवासात चालते' म्हणून नियम सोडतात, तर काही नियम मोडेल म्हणून नातवंडाला बघायलाच जात नाहीत. दोन्हीची गरज नाही. तिकीट काढण्याआधी फक्त हिशोब मांडायचा. बी.कॉम. झालेली मी, मला तेवढे जमते!

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून प्रवासी विमान नाही. काठीहून मुंबई गाठण्यातच एक दिवस जातो, तो वेगळा धरा. पुढे मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून एक-दोन तास कमी.

पण पच्चक्खाण घड्याळावर नाही, सूर्यावर चालते. तोही आपण जिथे असू तिथला. जाताना विमान पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य जातो त्याच दिशेने जाते. त्यामुळे दिवस असेल तर दिवस लांबतो आणि रात्र असेल तर रात्र.

होळीच्या दिवसांत मुंबईचा सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. रात्री 2 चे विमान घेतले, तर उजाडते तेव्हा आपल्याकडे दुपारचे दोन-तीन वाजलेले असतात. म्हणजे रात्र 19-20 तासांची, वर नवकारशीची 48 मिनिटे. डिसेंबरात तर न्यूयॉर्कला उतरता उतरता उजाडते. चौविहार 23 तासांच्या वर, जवळजवळ उपवासच! तेच मार्चमध्ये सकाळी 10-11 चे विमान मिळाले, तर सगळा प्रवास उजेडात होतो.

येताना उलटे. दुपारी 12 ला निघालात तर तीन-चार तासांतच सूर्यास्त होतो, म्हणून विमानात बसल्यावर लगेच जेवून घ्यावे. पुढची रात्र मात्र सहा-सात तासांचीच.

जैन जेवण आधीच नोंदवावे, पण ते केव्हा वाढतील ते आपल्या हातात नसते. खाखरे जवळ असू द्यावेत. बी.पी., शुगरच्या गोळ्या असतील तर इतके तास पाण्याशिवाय राहायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. झेपणार नसेल तर निघण्याआधीच साध्वीजींना विचारून तिविहार घ्यावा, म्हणजे पाणी चालते. आधी ठरवून घेतलेला छोटा नियम वाटेत मोडलेल्या मोठ्या नियमापेक्षा बरा.

ज्यांचे दिग्व्रत आहे त्यांनी आणखी एक बघावे. नकाशावर अमेरिका पश्चिमेला दिसते, पण पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट उत्तरेकडून जाते. शिवाय विमान 10-11 किलोमीटर उंच चढते, म्हणजे ऊर्ध्व दिशाही आली. खातेवहीत एका खात्याची शिल्लक दुसऱ्यात वळवता येते. दिग्व्रतात एका दिशेची उरलेली मर्यादा दुसरीत वळवली तर तो अतिचार होतो. म्हणून मर्यादा घेतानाच विचार करून घ्यावी.

नातवाला जरूर भेटून या. नियमही तुमच्याबरोबर जाऊन परत येईल.

जय जिनेंद्र.